पावणेतीन तासांचं लग्न, ज्याच्या त्याच्या वाट्याचं

पावणेतीन तासांचा लग्नाचा व्हिडिओ कुणीही सलग बघत नाही. आमच्याकडे धाकट्या मावशीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट होती, 1994 सालची, मिरजेच्या एका मंगल कार्यालयातली. ई-180 म्हणजे तीन तासांची कॅसेट, आणि शूटिंगवाल्याने ती जवळजवळ संपवली होती. सगळ्यांना ती हवी होती. मावसभाऊ अमेरिकेतून मागायचा, सांगलीची चुलत आजी फोनवर आठवण काढायची, आईला तर आजोबांना पुन्हा चालताबोलताना बघायचं होतं. पण पुण्यात डिजिटल करून घेतलेली फाईल सगळ्यांना दिली, तेव्हा जो तो हळदीपर्यंत बघायचा आणि ठेवून द्यायचा. त्यामुळे मी ती फाईल कापून तिचे छोटे भाग करायचं मनावर घेतलं. ते काम कसं झालं, आणि त्यात कुठे किती विचार करावा लागला, ते इथे लिहिते आहे. अशी कॅसेट अजून पुष्कळ घरांच्या कपाटात आहे हे मला माहीत आहे.

पहिली गोष्ट, कॅसेट कपाटात असेल तर आधी ती डिजिटल करून घ्या, कापायचं नंतर बघता येईल. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने 2016 च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आता जी यंत्रं चालू आहेत ती जुनीच, दुरुस्त करून वापरलेली. शिवाय दमट हवेत टेपवर बुरशी धरते. आमच्या कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बारीक भुकटी दिसत होती. दुकानदाराने ती आधी साफ केली आणि मगच यंत्रात घातली. तशी टेप थेट घातली तर यंत्राचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, खराब होतं, आणि हेडवरची घाण पुढच्या कॅसेटलाही लागते.

हातात आलेली फाईल साधारण सहा जीबीची होती, एमपी4. त्यात दोन खोड्या होत्या. सगळी माणसं रुंद दिसत होती. जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन या प्रमाणात असायचं, दुकानात ते सोळास नऊ म्हणून नोंदवलं गेलं होतं. आजोबा मुळात सडपातळ, काठीसारखे सरळ. ते या फाईलमध्ये भलतेच कुणी वाटायचे. दुसरी खोड अशी की कुणी हात हलवला की बोटांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटायच्या. आपल्याकडची पाल (PAL) नावाची टीव्हीची पद्धत सेकंदाला 25 चित्रं दाखवायची, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत यायचं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. जुन्या टीव्हीवर ते डोळ्याला कळायचं नाही. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही अर्धे एकदम दिसतात आणि हलणाऱ्या गोष्टीला रेघा येतात.

रुंदीचं काम सोपं होतं. एफएफएमपेग नावाचं मोफत साधन आहे, त्याने फाईलवरची प्रमाणाची नोंद तेवढी बदलता येते, आतल्या चित्राला हातही लावावा लागत नाही. आजोबा लगेच मूळच्या अंगाचे झाले. रेघांचं मात्र मी मूळ फाईलमध्ये काही केलं नाही. त्या काढायच्या तर चित्र नव्याने घडवावं लागतं, आणि ते मला शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवायचं होतं.

मग बघायला बसलो. हे काम एकटीने करायचं नाही असं मी आधीच ठरवलं होतं. आई आणि मावशी दोघींना बोलावलं, दुपारची जेवणं झाल्यावर टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि मांडीवर वही घेतली. डाव्या रकान्यात वेळ, मधल्यात काय चाललंय, उजव्या रकान्यात कोण दिसतंय. उजवा रकाना हे सगळ्यात मोलाचं काम निघालं. मला निम्मी माणसं ओळखूच येत नव्हती. "ही कोण?" म्हटलं की दोघी एकदम बोलायच्या. ती कुरुंदवाडची आत्याबाई, तिच्याच हातचे रुखवतातले चिरोटे. तो मागे उभा आहे तो आपल्या वाड्यातला भाडेकरू, त्याने रात्रभर मंडपात जागून सामान राखलं. ही माहिती व्हिडिओत कुठेच नाही. आई आणि मावशी आहेत तोवर ती आहे. म्हणून सांगते, घरात जुना व्हिडिओ असेल तर कापाकापीच्या आधी एकदा मोठ्यांना शेजारी बसवून नावं लिहून घ्या. या वहीचे मी नंतर फोटो काढून व्हिडिओच्याच फोल्डरमध्ये ठेवले.

शूटिंगवाल्याचा फोकस धरणारा एक पोरगा सबंध व्हिडिओभर सोबत असणार, कारण हॅलोजनचा पांढरा झोत माणसांच्या तोंडावर येतो आणि प्रत्येक जण क्षणभर डोळे मिचकावतो. आजीवर झोत आला तेव्हा तिने पदर सारखा केला, एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हातातली अक्षतांची वाटी दुसऱ्या हातात घेतली. एवढंच. पण आईने ते थांबवून थांबवून बघितलं. आजीची वाटी धरायची ती लकब, अंगठा आत आणि बोटं खाली, आता मावशीच्या हातात आहे हे तिथेच आमच्या लक्षात आलं.

आता कापायचं कुठे? पहिला विचार विधींप्रमाणे कापायचा होता, आणि तो चुकीचा नाही. मराठी लग्नाला आपोआप प्रकरणं असतात: सीमांतपूजन, हळद, गौरीहर, मंगलाष्टका, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, पंगत, सूनमुख, पाठवणी, वरात. शूटिंगवाल्याने प्रत्येक ठिकाणी गुलाबाचं फूल उमलून पुढचं दृश्य यायची करामत केलेली, त्यामुळे सांधे शोधायचीही गरज नव्हती. तसे भाग पाडले असते तर काम पटकन उरकलं असतं. पण वहीचा उजवा रकाना वाचताना वेगळंच दिसायला लागलं. सांगलीच्या आजीला लाजाहोम बघायचा नाहीये. तिला तिच्या यजमानांनी पंगतीत केलेला आग्रह बघायचाय. मावसभावाला स्वतःचे आईवडील तरुणपणी कसे दिसायचे ते बघायचंय. विधी सगळ्या लग्नांत तेच असतात. माणसं याच लग्नात आहेत. म्हणून मी दोन प्रकारचे भाग केले. विधींचे थोडे, सलग आणि लांब. आणि माणसांचे पुष्कळ, छोटे, कधी अर्ध्या मिनिटाचे तर कधी तीन मिनिटांचे. एकच दृश्य दोन्हीकडे आलं तरी चालतं, डिस्कवर जागेची आता चणचण नाही.

मंगलाष्टकांना मात्र आतून कात्री लावली नाही. अंतरपाट धरल्यापासून हार घालेपर्यंत तो एकच भाग आहे, चांगला लांब. मधली एकदोन कडवी रटाळ वाटतात, एक काका श्वास लागून थांबतात, मागे कुणाचं तरी मूल रडतं. पण "तदेव लग्नं" सुरू झाल्यावर मंडपातली सगळी माणसं कशी सरसावून उभी राहतात, अक्षतांच्या मुठी कशा वर जातात, हे आधीचा तो लांबलेला वेळ असल्याशिवाय कळत नाही. शेवटच्या "सावधान"नंतर वाजंत्री सुरू होते तेव्हा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या थांबण्यामुळे.

प्रत्यक्ष कापायला मी लॉसलेसकट नावाचं साधन वापरलं. मोफत आहे, आणि आतून एफएफएमपेगच चालवतं. सुरुवातीच्या जागी आय ही कळ दाबायची, शेवटच्या जागी ओ, भागाला नाव द्यायचं, आणि सगळे भाग झाले की एकदम बाहेर काढायचे. याचा मोठा फायदा असा की चित्र नव्याने घडवलं जात नाही. आहे त्या फाईलमधला तेवढा मजकूर उचलून नव्या फाईलमध्ये ठेवला जातो. त्यामुळे दर्जा तसूभरही उतरत नाही, आणि तीन मिनिटांचा भाग डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तयार होतो. साध्या एडिटिंगच्या ॲपमध्ये कापलं की प्रत्येक वेळी चित्र पुन्हा आवळलं जातं. व्हीएचएसचं चित्र मुळात अंधुक, त्यावर हा मारा नको.

यात एक अट असते, ती समजून घेतली की गोंधळ होत नाही. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. मधूनमधून एखादं चित्र पूर्ण असतं, त्याला कीफ्रेम म्हणतात. त्यापुढच्या चित्रांत फक्त काय बदललं ते असतं. न घडवता कापायचं तर भाग कीफ्रेमपासूनच सुरू करावा लागतो. आमच्या फाईलमध्ये कीफ्रेम साधारण दहा दहा सेकंदांवर होत्या, 250 चित्रांमागे एक. म्हणजे मी कुठेही खूण केली तरी भाग आधीच्या कीफ्रेमपासून सुरू होणार, काही सेकंद आधीचं दृश्य सोबत येणार. मला ते आवडलं. आजोबा पंगतीत शिरतात तिथून भाग सुरू करण्यापेक्षा, आधी रिकामी वाट दिसते, वाढपी बाजूला सरकतो, आणि मग आजोबा हातात जिलबीचं ताट घेऊन येतात, हे कितीतरी चांगलं. येणारं माणूस येताना दिसलं पाहिजे. शेवटालाही दोनतीन सेकंद मोकळी सोडली. जिथे आधीच्या सेकंदांत अगदी नको असलेलंच काही येत होतं, तेवढे मोजके भाग वेगळे काढून हँडब्रेक नावाच्या साधनात नव्याने घडवून घेतले. त्यात मग रेघा काढायचीही सोय असते.

सगळ्यात जास्त जीव गुंतला तो आवाजात. नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हिडिओंना मिक्सिंग नावाचा प्रकार असायचा. शूटिंग झाल्यावर स्टुडिओत बसून दृश्यांवर सनई आणि सिनेमाची गाणी चढवायची. त्या वेळी ती हौस होती, लोक मुद्दाम पैसे देऊन करून घ्यायचे. पण खालचा मूळ आवाज त्याने गेला तो गेलाच. आमच्या कॅसेटमध्ये हळद, रुखवत, कानपिळी, वरात, सगळ्यांवर सनई नाहीतर गाणी. मूळ आवाज राहिला तो मंगलाष्टकांचा, पंगतीतल्या उखाण्यांचा आणि पाठवणीच्या आधीच्या काही मिनिटांचा.

मोठे मामा जाऊन तीन वर्षं होत आली. कानपिळीत ते चांगले दोन मिनिटं दिसतात: नवरदेवाचा कान धरतात, सोडत नाहीत, मान मागे टाकून हसतात, कुणीतरी त्यांच्या खिशात पाकीट कोंबतं. हा भाग कापून झाल्यावर मी मामींना फोन केला. न विचारता पाठवायचा नाही हे नक्की होतं.

"मामी, व्हिडिओत मामा पुष्कळ दिसतायत. पाठवू का तुम्हाला?"

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आवाज आहे का गं त्यांचा त्यात?"

कानपिळीवर सनई होती. मी म्हटलं, बघते. त्या रात्री हेडफोन लावून मूळ आवाज असलेले सगळे भाग पुन्हा ऐकले, चित्राकडे न बघता. पंगतीत नवरानवरी एकमेकांना घास देतात तिथे मावशी अडून बसली होती, नाव घेईना. आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, मामांचा आवाज येतो: "अगं घे की नाव! जिलबी गार व्हायला लागली!" मागोमाग त्यांचं ते खर्जातलं हसू. मग मावशी मान खाली घालून म्हणते, "मिरजेच्या तंबोऱ्याला जुळल्या चारही तारा, …रावांना घास देते, साक्षी मांडव सारा." या सबंध भागात मामा एकदाही दिसत नाहीत. वहीच्या उजव्या रकान्यात त्या जागी त्यांचं नावही नव्हतं. मी तो भाग वेगळा कापला, मामांच्या वाक्याच्या आधी पंगतीचा थोडा गलका ठेवून, आणि आवाज थोडा वाढवून मामींना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा म्हणाला, आईने सकाळपासून तेवढंच लावलंय. कानपिळीचा भाग तिने नंतर बघितला.

त्यानंतर मी वहीत चौथा रकाना आखला: कुणाचा आवाज येतो. सगळे भाग पुन्हा ऐकले. आजीचं "सावकाश जेवा हं", आजोबांचं वाढप्याला नाव घेऊन हाक मारणं, असे काही अगदी लहान भाग त्यातून निघाले. माझ्या मते या सगळ्या कामातले हेच सगळ्यात मौल्यवान.

विचारण्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. व्हिडिओ घरचा असला तरी त्यात दिसणारं प्रत्येक माणूस आपल्याला पाठवायला मोकळं नसतं. एका नात्यातल्या ताईचं लग्न नंतर मोडलं. व्हिडिओत ती तेव्हाच्या यजमानांसोबत जोडीने आहेर करताना आहे. तिला विचारलं, तिने नको म्हटलं, तो भाग कुणाला गेला नाही. एका भावाला लहानपणी मांडवातच आंघोळ घातली होती, ते हौसेने टिपलंय. ते दृश्य त्याला एकट्याला दिलं, पुढचं तो बघेल. ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरी आधी फोन, मग फाईल. अचानक मोबाईलवर गेलेला माणूस हसताना समोर येणं सगळ्यांना पेलतंच असं नाही. कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर मी फक्त विधींचे भाग आणि जेवणाची पंगत टाकली. माणसांचे भाग ज्याचे त्याला, एकेकट्याला.

पाठवण्याचं तंत्र थोडक्यात. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की तो आवळला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की जशीच्या तशी फाईल जाते, आणि 2022 पासून त्याची मर्यादा 2 जीबी आहे. आमच्या फाईलचं मिनिट साधारण 36 एमबीचं, म्हणजे चार मिनिटांचा भाग दीडशे एमबीच्या आत. लांब विधींसाठी यूट्यूब बरं पडलं. खातं फोन नंबरने पडताळलेलं नसेल तर तिथे 15 मिनिटांपर्यंतचाच व्हिडिओ चढतो. पडताळलं की 12 तासांपर्यंत. ते भाग अनलिस्टेड ठेवले, म्हणजे शोधून सापडत नाहीत, पण ज्याच्याकडे दुवा आहे तो कुणीही बघू शकतो आणि पुढेही पाठवू शकतो. हे नीट लक्षात ठेवूनच काय चढवायचं ते ठरवलं. वरातीवर सिनेमाचं गाणं चढवलेलं होतं. अशी गाणी यूट्यूबची यंत्रणा आपोआप ओळखते, व्हिडिओ अनलिस्टेड असला तरी, आणि हक्कदार ठरवेल त्याप्रमाणे तो काही देशांत दिसेनासाही होऊ शकतो. गाणं ज्याचं त्याचा तो हक्कच आहे. म्हणून वरात चढवलीच नाही, ज्यांना हवी त्यांना थेट फाईल दिली.

सांगलीच्या आजीला मोबाईलवर बघवत नाही. तिच्यासाठी पेनड्राइव्ह केला. पुष्कळ टीव्ही फॅट32 पद्धतीचेच पेनड्राइव्ह नीट वाचतात, आणि त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. आमची सहा जीबीची अखंड फाईल तिच्या टीव्हीवर कधीच लागली नसती. तुकडे मात्र लगेच लागले. नावं देताना आधी आकडा ठेवला, 01, 02 असा, म्हणजे टीव्हीवर ओळीने दिसतात. तिचा नातू रिमोट हातात देऊन गेला आणि आजी एकटी बसून बघू शकली. तिच्या यजमानांचा पंगतीतला आग्रह मुद्दाम 01 वर ठेवला होता.

मूळ अखंड फाईल मी पुसलेली नाही. ती, सगळे तुकडे, आणि लॉसलेसकटने खुणांची जी छोटी फाईल ठेवली आहे ती, असं सगळं दोन हार्ड डिस्कवर आहे. एक माझ्याकडे, एक मावशीकडे. कॅसेटही कोरड्या जागी उभी ठेवली आहे. उद्या यापेक्षा चांगलं यंत्र मिळालं तर पुन्हा उतरवता येईल.

आता मावशीने तिच्या मुलाच्या मुंजीची व्हीसीडी आणून दिली आहे. त्यात डॅट नावाच्या फायली आहेत आणि दुसऱ्या चकतीवर ओरखडे आहेत. पहिली चकती उतरवून झाली. मातृभोजनाला मुलगा आईला काय म्हणतो ते त्यात स्पष्ट ऐकू येतं, हे मी तिला कळवलंय. येत्या रविवारी ती वही घेऊन येणार आहे.